कोलोरॅडोच्या सरकारी कुरणांत

अमेरिका म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उंच इमारती आणि मोटारींच्या रांगा उभ्या राहतात. त्या देशाच्या पश्चिम भागात मैलोन्‌मैल सरकारी गायरान पसरलेले आहे, त्यावर शेतकऱ्यांच्या गाई-मेंढ्या चरतात आणि त्या चराईचा हिशेब ठेवायला सरकारचे एक मोठे खाते आहे, हे तिकडे जाऊन आलेल्यांपैकीही फार थोड्यांना ठाऊक असते. आमची मुलगी आणि जावई डेन्व्हर शहरात राहतात. २०२५ च्या सप्टेंबरात रजा काढून मी आणि सौ. त्यांच्याकडे गेलो होतो. कृषी खात्यात जन्म गेलेल्या माणसाला शहरात किती दिवस करमणार? आठव्या दिवशी मी जावईबापूंना म्हटले, "आता मला इथला शेतकरी दाखवा." ते बिचारे संगणकाच्या कामातले. पण त्यांच्या कचेरीतल्या एकाचे मामा पश्चिमेकडे गाई पाळतात असे निघाले, आणि शनिवारी पहाटे आम्ही चौघे मोटारीने निघालो.

डेन्व्हरहून ग्रँड जंक्शन सुमारे २४५ मैल, म्हणजे आपले ३९० किलोमीटर. वाटेत रॉकी पर्वत आडवा येतो. अकरा हजार फूट उंचीवर आयसेनहॉवर नावाचा बोगदा आहे. त्याच्या अलीकडे पडलेले पावसाचे पाणी अटलांटिक महासागराकडे जाते, पलीकडचे पॅसिफिककडे. आपल्या सह्याद्रीच्या माथ्यावरही असेच पाणी वाटले जाते, आणि पाण्याबरोबर मुलूखही पालटतो. बोगद्यापलीकडे उतारावर ॲस्पेनची झाडे हळदीसारखी पिवळी झाली होती. पुढे कोलोरॅडो नदीच्या काठाने रस्ता खाली उतरू लागला तशी झाडी सरली, डोंगर उघडे पडले आणि सौ. म्हणाल्या, "अहो, हे तर आपल्या माणदेशासारखंच दिसतंय!" खरोखरच तसे होते. फक्त माणदेशात जेवढा पाऊस पडतो त्याच्या निम्माच ग्रँड जंक्शनला पडतो, वर्षाकाठी नऊ इंच. तिकडे हिवाळ्यात बर्फ पडते, त्याची ओल जमिनीत मुरते, आणि त्यावरच वसंतातले गवत येते.

वाटेत ग्लेनवूड स्प्रिंग्ज हे गरम पाण्याच्या झऱ्यांचे गाव लागते. प्रवासी तिथे आंघोळीला थांबतात. मी थांबलो ते एका माणसासाठी. एडवर्ड टेलर हे याच गावचे वकील, पुढे अमेरिकन संसदेचे सभासद झाले. त्यांच्या नावाचा चराई कायदा २८ जून १९३४ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सहीने झाला. त्यापूर्वी पश्चिमेकडच्या सरकारी रानात मोकळी चराई होती. जो आधी पोहोचेल त्याचे गवत. परिणाम काय होणार हे आपल्या वाचकांना सांगायला नको. आज आपण सोडले तर उद्या दुसऱ्याची जनावरे खातील, म्हणून प्रत्येकाने मुळापर्यंत चारले. गाईवाले आणि मेंढीवाले एकमेकांच्या जिवावर उठले. याच रस्त्यावर पुढे पॅराशूट नावाचे गाव आहे; तिथे १८९४ साली गाईवाल्यांनी मेंढीवाल्यांच्या हजारो मेंढ्या हाकलत नेऊन कड्यावरून खाली लोटल्या. १९३४ च्या मे महिन्यात धुळीची वादळे मध्य अमेरिकेतून उठून थेट पूर्व किनाऱ्यावरच्या शहरांपर्यंत पोहोचली, तेव्हा संसदेचे डोळे उघडले. टेलर स्वतः पुष्कळ वर्षे सरकारी अंमलाच्या विरुद्ध होते, पण डोळ्यांदेखत रान ओसाड होताना पाहून त्यांचे मत फिरले.

कायदा तर झाला, पण तो राबवायला माणसे कोठून आणायची? नव्या खात्याचे पहिले प्रमुख नेमले ते फॅरिंग्टन कार्पेंटर. हे कोलोरॅडोचेच गाई पाळणारे, शिवाय वकील. त्यांनी १९३४ च्या सप्टेंबरात ग्रँड जंक्शनला पशुपालकांची सभा बोलावली आणि रानाची वाटणी कशी करावी हे त्यांनाच विचारले. ठिकठिकाणी पशुपालकांची सल्लागार मंडळे निवडली गेली. ज्याच्याजवळ स्वतःची थोडी जमीन किंवा पाणी आहे, आणि जो पूर्वीपासून त्या रानात जनावरे चारतो आहे, त्याला परवाना. १९३६ पासून दर गाईला महिन्याला ५ सेंट आणि मेंढीला १ सेंट चराई बसली.

इथून पुढची हकिकत मला फार बोधप्रद वाटली, म्हणून जरा सविस्तर सांगतो. दहा वर्षांत चराईखात्याने दर वाढवायची गोष्ट काढली, त्याबरोबर पशुपालक आणि त्यांचे पुढारी संतापले. नेव्हाडाचे सिनेटर मॅक्कॅरन यांनी तर खात्याची चौकशीच आरंभली. दुसऱ्या बाजूला संसदेची पैसे मंजूर करणारी समिती म्हणे, चराईतून खात्याचा खर्च निघत नाही, मग पैसे कशाला द्यायचे? दर वाढवला म्हणून एका बाजूने मार, आणि दर कमी म्हणून दुसऱ्या बाजूने. खात्याची तरतूद कापली, माणसे घरी गेली. १९४६ च्या जुलैत उरलेसुरले चराईखाते आणि जुने जमीनवाटपाचे खाते एकत्र करून नवे खाते उभे केले. तेच आजचे ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट. लोक त्याला बी.एल.एम. म्हणतात. सुरुवातीच्या काळात या खात्याकडे रानात फिरणारी माणसे इतकी थोडी उरली होती, की चराईच्या रकमेतला जो वाटा स्थानिक मंडळांकडे सुधारणांसाठी येई त्यातून पशुपालकांनी अंमलदारांच्या पगाराला हातभार लावला. ज्याच्या जनावरांची गणती करायची त्याच्याच हातून पगार! असा अंमलदार कोणाच्या गाई रानाबाहेर काढणार, याचा विचार वाचकांनीच करावा.

आज या खात्याकडे सुमारे २४ कोटी ५० लाख एकर जमीन आहे, आणि त्यातल्या १५ कोटी ५० लाख एकरांवर चराई चालते. परवाने सुमारे १८ हजार. परवाना बहुधा दहा वर्षांचा असतो. एक गाय वासरासह, किंवा पाच मेंढ्या, महिनाभरात जेवढा चारा खातील तो एक हिस्सा धरतात. २०१९ पासून २०२५ पर्यंत या हिश्शाचा दर १ डॉलर ३५ सेंट होता, म्हणजे आपले सव्वाशे रुपयेसुद्धा नाहीत. खाजगी कुरणाचे भाडे याच्या कितीतरी पट असते. त्यामुळे शहरातले लोक म्हणतात की सरकार पशुपालकांना फुकट चारते. पशुपालक म्हणतात, कुंपण आम्ही राखतो, टाक्यांत पाणी आम्ही भरतो, मेलेले जनावर आमचे, तो खर्च कोण धरणार? हा वाद तिकडे रोज चालतो.

ग्रँड जंक्शन दुपारी आले. कोलोरॅडो आणि गनिसन या दोन नद्यांचा इथे संगम आहे. उत्तरेला बुक क्लिफ्स नावाचे उभे राखाडी कडे, पुस्तके ओळीने लावून ठेवावीत तसे. पूर्वेला ग्रँड मेसा हा सपाट माथ्याचा प्रचंड डोंगर. नदीच्या पाटपाण्यावर मका, लसूणघास आणि पीचच्या बागा. पाट संपला की हिरवे एकदम तुटते. गावात हॉरायझन ड्राइव्ह नावाच्या रस्त्यावर एक साधी कचेरीची इमारत आहे. तिच्यापुढे मोटार थांबवून मी उतरलो तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, इथे पाहण्यासारखं काय आहे?" पाहण्यासारखे खरेच काही नाही. पण २०१९ च्या जुलैत सरकारने जाहीर केले की बी.एल.एम.चे मुख्य कार्यालय वॉशिंग्टनहून हलवून ग्रँड जंक्शनला न्यायचे, आणि २०२० मध्ये ते या इमारतीत सुरू झाले. कारण ऐकायला गोड होते. खात्याची जवळजवळ सगळी जमीन पश्चिमेला आहे, मग साहेबांनी दोन हजार मैल लांब कशाला बसावे? पश्चिमेकडच्या पुष्कळ पशुपालकांना हे पटले. मलाही, खरे सांगायचे तर, प्रथमदर्शनी पटले असते. मंत्रालय बांधाजवळ यावे असे कोणत्या शेतकऱ्याला वाटत नाही?

घडले ते असे. वॉशिंग्टनमधल्या ३२८ जागा पश्चिमेत वेगवेगळ्या गावी हलवायच्या ठरल्या. त्यांपैकी २८७ जणांनी निवृत्ती घेतली किंवा दुसरी नोकरी धरली. बदलीच्या गावी गेले ४१. आणि खास ग्रँड जंक्शनला आले ते तिघे. मुलांच्या शाळा, नवऱ्याची किंवा बायकोची नोकरी, घराचे हप्ते. बदलीची कागदे हातात पडल्यावर घरात काय होते ते माझ्यासारख्या सरकारी माणसाला सांगायला नको. पुढे सरकार बदलले आणि २०२१ च्या सप्टेंबरात नव्या मंत्र्यांनी मुख्य कार्यालय पुन्हा वॉशिंग्टनला नेण्याचे जाहीर केले. ग्रँड जंक्शनला पश्चिमेचे कार्यालय ठेवले. पाटी परत गेली, पण गेलेली माणसे परत आली नाहीत.

मग २०२५ उजाडले. जानेवारीत पुन्हा नवे सरकार आले आणि त्याने नव्या भरतीवर बंदी घातली. कर्मचाऱ्यांना पत्रे गेली की आता राजीनामा द्या, सप्टेंबरअखेरपर्यंत घरबसल्या पगार मिळेल. फेब्रुवारीत परीक्षणकालातल्या, म्हणजे नव्या नेमणुकीच्या, पुष्कळ लोकांना एकदम कमी केले. त्यांपैकी काहींना कोर्टाच्या हुकुमाने परत घ्यावे लागले. बी.एल.एम. ज्या इंटीरियर खात्याखाली येते, त्या खात्याने एप्रिलमध्ये आस्थापना, संगणक अशी सगळ्या शाखांची कामे मंत्र्यांच्या कार्यालयाखाली एकवटायचा हुकूम काढला. आम्ही तिथे होतो तो त्या राजीनामापगाराचा शेवटचा महिना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांच्या घरी पोहोचलो. साठी ओलांडलेला, उन्हाने रापलेला माणूस. हात अगदी आपल्या शेतकऱ्यासारखे. मामींनी चहा करून ठेवला होता. गोठ्यासमोरच्या रानात शेकडो गाई दिसत होत्या आणि चहाला दूध मात्र दुकानातल्या डब्यातले. सौ.ना हे काही केल्या पटेना. त्या गाई मांसासाठी वाढवतात, त्यांचे दूध वासरेच पितात, हे मुलीने समजावले तेव्हा त्या गप्प झाल्या. पण मामींनी भाजलेला पीचचा गोड पदार्थ पुढे आल्यावर दोघींची छान मैत्री झाली.

मामांचा वर्षाचा फेरा आपल्या धनगरांच्या फेऱ्यासारखाच आहे. हिवाळ्यात जनावरे घरच्या रानात, पाटपाण्यावरच्या वाळलेल्या लसूणघासावर. एप्रिलअखेर ती कड्यांच्या पायथ्याच्या बी.एल.एम.च्या रानात जातात. जूनअखेर तिथले गवत वाळते तेव्हा वर डोंगरावरच्या वनखात्याच्या कुरणात. हे वनखाते निराळे, ते कृषी खात्याखाली आहे. म्हणजे एकाच गाईला वर्षातून दोन साहेब. ऑक्टोबरात खाली घरी. बी.एल.एम.चा परवाना २०० गाई, दोन महिने. म्हणजे ४०० हिस्से, ५४० डॉलर. पैसे किरकोळ आहेत. पण हे दोन महिने परवान्यातून गेले तर लसूणघास कापायच्या रानात गाई घालाव्या लागतील, मग हिवाळ्याला घास उरणार नाही, आणि अर्धी जनावरे विकावी लागतील. सगळ्या संसाराचा खिळा या दोन महिन्यांत आहे.

त्यांनी आम्हाला आपल्या गाडीतून रानात नेले. कुठे दहा एकर, कुठे वीस एकर मिळून एका गाईच्या महिन्याचा चारा. सेजब्रश नावाची राखी, उग्र वासाची झुडपे, मधूनमधून झुबक्यांचे बारमाही गवत, आणि मोकळ्या जागी मातीवर काळी खरबरीत साय. ही साय म्हणजे शेवाळ, दगडफूल आणि सूक्ष्म जीव यांची वीण. ती माती धरून ठेवते. कोरड्या दिवसांत खुरांखाली आली की चुरा होते, आणि पुन्हा धरायला वर्षानुवर्षे लागतात. म्हणून कोणत्या महिन्यात गाई घालायच्या हा प्रश्न किती गाई घालायच्या याइतकाच मोठा.

आणि सगळीकडे चीटग्रास. हे बाहेरून आलेले ब्रोम जातीचे वर्षायू गवत. आपल्या कुसळीसारखेच वाळल्यावर तोंडात टोचणारे. शरदात उगवते, वसंतात सगळ्यांच्या आधी वाढून ओल पिऊन टाकते, आणि जूनपर्यंत कागदासारखे वाळते. ठिणगी पडली की वणवा. वणव्यात सेजब्रश मरते, चीटग्रासचे बी मात्र तगते, आणि पुढच्या वर्षी तेच दुप्पट. २०२० च्या ३१ जुलैला ग्रँड जंक्शनच्या उत्तरेला वीज पडून आग लागली. पाइन गल्च नावाची ती आग सुमारे १ लाख ३९ हजार एकर खाऊन थांबली. जळलेल्या रानाला बहुधा दोन हंगाम चराईपासून विश्रांती देतात.

मामांना मार्चअखेर, चीटग्रास कोवळे असताना, थोडे दिवस गाई त्यावर सोडायच्या आहेत. तेव्हा गाय ते आवडीने खाते, बी धरत नाही आणि चांगले बारमाही गवत अजून झोपलेले असते. नंतर मात्र गाई वेळेवर बाहेर काढल्या पाहिजेत, नाहीतर चांगल्या गवताचाही फडशा. विचार शास्त्राला धरून आहे. मी कुसळीच्या रानात असेच सांगत आलो आहे. पण त्यासाठी परवान्यातला महिना बदलावा लागतो, आणि महिना बदलायचा तर जागेची पाहणी करून परिणामांचा अहवाल लिहावा लागतो. पाहणीला माणूस नसेल तर कायद्यात सोय आहे: मुदत संपलेला परवाना जुन्याच अटींवर पुढे चालू ठेवायचा. त्यामुळे कोणाच्या गाई अडत नाहीत. पण रान सुधारले म्हणून गाई वाढत नाहीत, बिघडले म्हणून कमी होत नाहीत, आणि मामांसारख्याला महिना बदलून मिळत नाही. मामांचा परवाना असाच जुन्या अटींवर चालू होता.

त्यांच्या रानाचे काम नऊ वर्षे एक बाई पाहत होत्या. कुरणशास्त्राची पदवी घेतलेल्या, दुसऱ्या राज्यातून आलेल्या. एका दुष्काळी वर्षी त्यांनी मामांच्या गाई दोन आठवडे आधीच रानाबाहेर काढायला लावल्या होत्या. मामी तो राग अजून विसरलेल्या नाहीत. "त्या वर्षी आम्ही घास विकत घेतला," त्या म्हणाल्या. मामा हसून म्हणाले, "पण पुढच्या वसंतात शेजाऱ्याच्या रानापेक्षा आपलं रान बरं होतं, हे पण सांग." चीटग्रासच्या कामाची पाहणी त्याच बाईंनी सुरू केली होती. वसंतात राजीनाम्याची पत्रे आली, त्यांची मुले लहान, पुढे नोकरी राहील की नाही याचा भरवसा नाही. त्यांनी पत्रावर सही केली. कचेरीत उरलेल्या एकाकडे आता त्यांच्याही कामाचा भार आहे. हा गृहस्थ भला आहे, असे मामा दोनदा म्हणाले. पण त्याला एवढ्या मुलखात या रानापर्यंत अजून येता आलेले नाही.

"अतिरिक्त कार्यभार" हे शब्द मी मुलीकडून इंग्रजीत करून घेतले तेव्हा मामांना ते फारच आवडले. मी त्यांना सांगितले की आमच्याकडे तर गायरानाला धड एक साहेबसुद्धा नाही. जमिनीचा कागद महसुलाकडे, देखभाल ग्रामपंचायतीकडे, शेजारचे कुरण वनखात्याकडे, आणि पवन्या-मारवेलचे बी लावा म्हणून सांगणारे आम्ही कृषी खात्याचे. २०११ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवण्याचा निकाल दिला, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. एका तालुक्यात मी असताना सात गावांचे काम एका कृषी सहायकाकडे होते. त्याला गायरानातले गवत ओळखू येई, पण तिथे जायला दिवस सापडत नसे. मामांनी विचारले, "मग तुमच्याकडे गाई मोजतो कोण?" मुलीने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "कोणीच नाही."

परतताना वाटेत मेंढ्यांचा एक कळप डोंगरावरून खाली येताना दिसला. राखण करणारे दोघे तरुण दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाचे. मेंढपाळीच्या खास परवान्यावर तीन-तीन वर्षे घरापासून लांब राहतात. पत्र्याची छोटी गाडी हेच घर, बरोबर घोडा आणि पांढरी दांडगी कुत्री. सौ.नी त्यांना शिदोरीतल्या पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली. भाषा कोणाचीच कोणाला येत नव्हती. चटणीने डोळ्यांत पाणी आले ते मात्र सगळ्यांना कळले.

घरी जाण्यापूर्वी मामांनी अजून एक जागा दाखवली. रानात एके ठिकाणी लोखंडी खुंटी ठोकलेली आहे. दरवर्षी सप्टेंबरात त्याच खुंटीवर उभे राहून त्याच टेकडीकडे तोंड करून फोटो काढायचा, म्हणजे दहा-वीस वर्षांत झुडूप किती, गवत किती, उघडी माती किती हे एका नजरेत कळते. शेजारी जाळीचा पिंजरा असतो. आतले न खाल्लेले गवत आणि बाहेरचे खाल्लेले यांची उंची मोजतात. अर्धे खावे, अर्धे ठेवावे असा ठोकताळा आहे. फोटो आणि मोजमाप कचेरीच्या दप्तरात जमा होते. खुंटी झुडपात अशी दडली होती, की मामांनी पायाने चाचपून ती शोधली. बाईंनी जाण्यापूर्वी एक दिवस येऊन त्यांना अशा चारही खुंट्या दाखवून ठेवल्या होत्या.

मामींनी फोनवर फोटो काढला. मामांनी खिशातली फूटपट्टी काढून पिंजऱ्यातले आणि बाहेरचे गवत मोजले, मी आकडे वाचले, त्यांनी वहीत लिहिले. बाहेरचे अर्ध्याहून थोडे जास्त खाल्ले गेले होते. तोही आकडा त्यांनी जसाच्या तसा लिहिला. मग गाडीतून नारिंगी रंगाचा डबा आणून खुंटीच्या डोक्याला रंग दिला, आणि म्हणाले की बर्फ पडायच्या आत उरलेल्या तिन्हींना देऊन टाकतो.